धुतलेल्या एक्स-रेवरची बैलजोडी

माझी नोकरी जुलाबाची चित्रं काढायची होती. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात आरोग्यशिक्षणाचा विभाग होता आणि त्या विभागाची मी एकुलती एक चित्रकार. जुलाब, खरूज, गोवर, नारू, उघडं अन्न आणि त्यावर बसलेल्या माश्या, हे सगळं मी मोठ्या पुठ्ठ्यांवर काढायचे आणि आमच्या नर्सबाई ते पुठ्ठे घेऊन गावोगाव जायच्या. माशी मला फार सुंदर जमायची. पोरगी काय करते असं कोणी विचारलं, तर आई "चित्रं काढते" एवढंच सांगायची. कशाची, ते सांगायची नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं, माझं लग्न जमत नव्हतं आणि त्याचं खापर आई त्या माश्यांवर फोडत होती.

विभागाच्या कपाटात सोळा मिलिमीटरचा, चावी भरून चालणारा एक कॅमेरा होता. कोणी परदेशी पाहुणे परत जाताना ठेवून गेले होते. तो वापरू नये असा नियम नव्हता. पण कोणी वापरत नव्हतं, त्यामुळे न वापरणं हाच नियम होऊन बसला होता. त्याला एक बटण होतं, ते एकदा दाबलं की एकच चित्र निघायचं. मी त्या बटणाकडे बरेच दिवस नुसती पाहत होते. मग एकदा धीर करून साहेबांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, विचारलं की जुलाबात अंगातलं पाणी कसं जातं ते हलत्या चित्रात दाखवलं तर? साहेब म्हणाले, "हलतं कशाला? स्थिर चित्रात जुलाब समजत नाहीत का?" पण नाही म्हणाले नाहीत.

माझी पहिली फिल्म म्हणजे फुटक्या माठातून गळणारा थेंब. थेंब फुगायचा, लोंबायचा आणि पडायचा. शेवटी माठ रिकामा. बाह्यरुग्ण विभागात पेशंट जिथं ताटकळत बसायचे, तिथल्या भिंतीवर ती दाखवली जायची. लोक मान वर करून थेंबाची वाट पाहायचे आणि तो पडला की "पडला!" म्हणायचे. मीठ किती नि साखर किती, हे दाराबाहेर पडेपर्यंत सगळे विसरायचे. थेंब मात्र कोणी विसरायचं नाही. याला यश म्हणावं की अपयश, हे ठरवायला साहेबांनी एक बैठक घेतली आणि चहा झाल्यावर ती संपली.

त्या भिंतीवर तो थेंब माझ्या मामानं पाहिला आणि तिथून माझ्या आयुष्याची पुढची दीड-दोन वर्षं खर्ची पडली.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आष्टी तालुक्यात तळेगावच्या अलीकडे त्याचं गाव. कपाशी होती, तूर होती, थोडी संत्री होती. पण मामाला त्यांतलं काही विचारलं तर तो "मामीले विचार" म्हणायचा. त्याचा जीव बैलांत. आमच्या भागातली गवळाऊ जात पळायला चपळ, आणि सुगी झाली की हिवाळ्यात गावोगाव शंकरपट भरायचे. पट म्हणजे शर्यत. रेंगीला, म्हणजे हलक्या छकड्याला, दोन बैल जुंपायचे, एकेक जोडी सोडायची आणि कोणाची जोडी कमी वेळात पल्ला गाठते ते पाहायचं. मामाच्या जोडीनं बरेच पट मारले होते. डाव्या अंगाला जुंपायचा तो डाव्या, उजव्या अंगाला जुंपायचा तो उजव्या. याहून वेगळी नावं ठेवायला मामाला वेळ मिळाला नाही.

एका पावसाळ्यात डाव्याला साप चावला. उजव्या मग दुसऱ्या कोणाशीच जुंपून घेईना. मानेवर जू ठेवलं की खाली बसायचा. पुढं तोही गेला. दोघांचा एकच फोटो होता, पट जिंकल्यावर काढलेला. त्यात बक्षीस द्यायला आलेले पाहुणे मधोमध उभे होते आणि त्यांच्या फेट्यामागून एक शिंग दिसत होतं. ते शिंग डाव्याचं की उजव्याचं, यावरून मामा-मामीत कधी एकमत झालं नाही.

तर मामा दवाखान्यात आला तो डोळ्यांसाठी. समोरचं दिसे, कडेचं दिसत नसे. बैलगाडी शेजाऱ्याच्या कपाशीत घातली, तेव्हा मामी हट्टानं घेऊन आली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्याला आत नेलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, खूप पुढं गेलेला. गेलेली नजर परत यायची नाही. आहे ती थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करू, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी बाहीर बसू?"

बाहेर बसला आणि भिंतीवरचा थेंब पाहत राहिला. फिल्म संपली, पुन्हा लागली, पुन्हा पाहिली. संध्याकाळी माझ्या वर्ध्याच्या खोलीवर चहा पिताना म्हणाला, "तो थेंब तूनं पाडला म्हनते?"

"हो मामा."

"कागदावरचाच होता?"

"कागदावरचाच. पुष्कळ कागद, एकामागं एक."

"मंग थेंब पडते तं बैल काऊन नाई धावत?"

मी म्हटलं, थेंबाले पाय नसतात मामा. मामानं बशी खाली ठेवली. "हे पाह्य माय," तो म्हणाला, "डाक्टर काय बोलला ते तूनं आयकलंच. हाये ते बी जाईन. जाच्या आंधी मले एक डाव माही जोडी धावताना पाह्याची हाये. मंग खुशाल जाऊ दे डोये. तेवढं करून देजो."

मामा कधी कोणाकडे काही मागत नसे. मागितलं तर असं मागितलं. मी हो म्हटलं. हो म्हणायला एक सेकंद लागला. एका सेकंदाला बारा चित्रं लागतात, ही माहिती मला होती, पण माहिती असणं आणि कळणं यांत फरक आहे.

मी आधी सगळे काढतात तशी जोडी काढली, बाजूनं धावणारी. मान पुढं, शेपट्या वर, खाली धूळ. पुढच्या खेपेला मामा थेंबांची बाटली न्यायला आला तेव्हा मोठ्या अभिमानानं समोर ठेवली. मामानं पाहिलं.

"हे कोन्या गावचे बैल व्हय?"

"तुमचेच."

"असा बैल पाहनाऱ्याले दिसते. मी कव्हा पाह्यला असा? मी तं मांगं बसलो होतो."

हे खरंच होतं. मामानं आपली जोडी धावताना कधी बाजूनं पाहिली नव्हती. त्याला दिसायची ती दोन ढुंगणं, त्यांच्यापुढं दोन वशिंडं, त्यांच्यापुढं हलणारी चार शिंगं आणि मधल्या फटीतून अंगावर येणारी वाट. त्याला तेच पाहिजे होतं. मला आजवर चित्रकलेच्या कोणत्याच मास्तरांनी धावता बैल मागून काढायला शिकवलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

मागचा पाय कसा उचलतो ते मला कळेना, म्हणून मामानं ते करून दाखवलं. घरमालकिणीच्या अंगणात तो धोतर खोचून हातापायांवर उभा राहिला आणि पळायला लागला. मी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्या मागे. "गुडघा नोको पाहू, खुबा पाह्य! खुबा कसा वर येऊन राह्यला!" असं तो ओरडत होता. त्याचं वय तेव्हा साठीच्या घरात होतं. घरमालकीण तुळशीपाशी उभी राहून हे सगळं पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला हळूच विचारलं, "तुमच्या मामांना पोटाचा काही त्रास आहे का? तुम्ही त्याच खात्यात आहात म्हणून विचारलं."

आता या कामाला लागणाऱ्या वस्तूंबद्दल. थेंब कागदावर जमला, कारण थेंबाच्या मागे काहीच नव्हतं. बैलांच्या मागे वाट पळायला हवी. म्हणजे बैल आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकवर पाहिजेत आणि वाट खालच्या कागदावर. असं पारदर्शक प्लास्टिक मुंबईत मिळतं असं ऐकलं होतं. वर्ध्यात मी बाजारात चौकशी केली, तेव्हा दुकानदारानं मला पापड वाळवायचं प्लास्टिक दाखवलं.

दवाखान्यात एक गोष्ट मात्र भरपूर होती, जुने एक्स-रे. एक्स-रेची प्लेट गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवली की तिच्यावरचा काळा थर सुटतो आणि खाली स्वच्छ, थोडं निळसर प्लास्टिक उरतं. हे मला कोणी सांगितलं नाही. पावसात माझ्या पिशवीतला एक एक्स-रे आणि सोड्याची पुडी एकत्र भिजली, तेव्हा कळलं. मग मी रविवार-रविवार अंगणात घमेलं मांडून लोकांच्या छात्या, मांड्या आणि मोडके हात धुवायला लागले. मोरीतून काळं पाणी वाहायचं. घरमालकिणीनं आता काही विचारणं सोडून दिलं होतं.

प्लास्टिकवर रंग बसेना. पोस्टर कलर लावला की तो तेलावर पाणी टाकल्यासारखा थेंबाथेंबांत गोळा व्हायचा. डिंक घातला, तर वाळल्यावर पापुद्रे निघाले. बैलाचं वशिंड टेबलावर आणि बैल प्लेटवर असं व्हायला लागलं. शेवटी कपड्याच्या साबणाचा दाट फेस करून तो रंगात घातला आणि रंग निमूट बसला. मी आनंदानं साहेबांना सांगायला गेले. साहेब म्हणाले, "साबण ऑफिसचा की घरचा?"

प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावर अचूक बसलं पाहिजे, नाहीतर बैल धावण्याऐवजी थरथरतात. त्यासाठी मी ऑफिसात फाइलीला भोकं पाडायचं यंत्र वापरलं आणि सुताराकडून एका फळीवर दोन खुंट्या बसवून घेतल्या. घरमालकिणीनं बसायला दिलेल्या स्टुलाला वरून भोक पाडलं. स्टूल टेबलावर, स्टुलावर कॅमेरा, भोकातून खाली पाहणारा, आणि स्टुलाच्या चार पायांमध्ये माझे बैल. दोन्ही बाजूंना दोन मोठे दिवे. हे सगळं जमून आलं तेव्हा मला माझं फार कौतुक वाटलं. अजूनही वाटतं.

मग विजेनं आपलं म्हणणं मांडलं. संध्याकाळी व्होल्टेज असं पडायचं की दिव्यातली तार लालसर दिसायची. एक चित्र उजेडात, दुसरं अंधारात. पडद्यावर ते पाहताना बैलांवर वीज चमकते आहे असं दिसलं असतं. रविवारी सकाळी व्होल्टेज स्थिर असायचं, पण घरमालकिणीनं विजेची शेगडी लावली की माझे दिवे मंद. मी तिला विनंती केली. तिनं रविवारी चुलीवर स्वयंपाक सुरू केला आणि त्याबद्दल आजतागायत मला माफ केलेलं नाही. उन्हाळ्यात पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंख्यानं प्लेटा उडायच्या. वर्ध्याचा मे महिना, खोली बंद, दोन दिवे डोक्याशी. नाकाच्या शेंड्यावरून घाम डाव्याच्या पाठीवर पडायचा आणि डाव्या पुन्हा काढावा लागायचा. फिल्म काळीपांढरी होती आणि बैलही पांढरे, मानेपाशी काळसर. एवढ्या एका बाबतीत देवानं आमची सोय केली होती.

मामाशी माझं एकदा कडाक्याचं भांडण झालं. या धंद्यात एक सोय असते. धावण्याची एक झेप पूर्ण काढली, की तीच चित्रं पुन्हा पुन्हा वापरायची; पाहणाऱ्याला वाटतं बैल धावतच आहे. मी हे मोठ्या हुशारीनं मामाला समजावलं.

"म्हंजे एकच पाऊल फिरवून फिरवून दाखवशीन?"

"कोणाले कळत नाई मामा."

"मले कळन."

"अहो, सगळे असंच करतात. परदेशात सुद्धा."

"त्यायचे बैल तसे असतीन. माहा डाव्या सुरवातीले दबून धावे. अर्ध्या वाटेवर मान डावीकडं काढे, तव्हा समजाचं का आता हा सुटला. मंग उजव्याले बी चेव ये. हे सारं तू एका पावलात कसं बसवशीन?"

मला राग आला. मी म्हटलं, मग तुम्हीच काढा. मामा टोपी घालून बस स्टँडवर गेला. मी दोन दिवस फणफणत होते. तिसऱ्या दिवशी दबून धावणारा डाव्या वेगळा काढायला घेतला. मान डावीकडे काढणारा वेगळा, चेव आलेला उजव्या वेगळा. काम तिप्पट झालं. या काळात मला एक स्थळ आलं होतं, मुलगा देवळीला शिक्षक होता. पाहायला आलेली मंडळी बसली आणि मी चहा घेऊन गेले तेव्हा माझ्या कोपरापर्यंत साबणाचा पांढरा रंग होता. मुलाच्या आईनं विचारलं, काय करत होतीस? मी खरं ते सांगितलं. पुढं त्यांचं काही कळवणं आलं नाही.

मामा महिन्या-दीड महिन्याला थेंब न्यायला यायचा आणि प्लेटा तपासायचा. सुरवातीला खिडकीपाशी उभा राहून पाहायचा. तेव्हा त्याचे दोष बारीक असायचे. शेपटीचा गोंडा चुकला. डाव्याच्या कानाला चीर होती, ती कुठं गेली? पुढं तो प्लेट घेऊन अंगणात उन्हात जायला लागला. तेव्हाचे दोष जरा मोठे, खुबा उतरला, वशिंड कललं. आणखी काही महिन्यांनी प्लेट नाकाला लावून पाहायचा आणि म्हणायचा, "पाय जरा मोकया कर." त्यानंतर तर दोषच काढेना. शेपटी, कान, चीर यांबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, आपला हात बसला. दोन वर्षांच्या मेहनतीनं मामासारख्या माणसाला गप्प केलं, या आनंदात मी त्या दिवशी त्याला जिलबी खाऊ घातली. त्या खेपेला मामी सोबत होती आणि मामा तिचा खांदा धरून चालत होता. पायात काटा मोडलाय, असं तो म्हणाला.

फिल्म धुवायला मुंबईला पाठवली. ती परत येईपर्यंत मला जेवण गेलं नाही, कारण दुसरं रीळ नव्हतं आणि साहेब ते मागू देणार नव्हते. आली तेव्हा विभागातच लावून पाहिली. बैल धावत होते. मी काढलेले, अंगणातल्या मामाच्या पळण्यावरून काढलेले ते बैल खरोखर धावत होते. दबून, मग मान काढून, मग चेवानं. दोन-तीन ठिकाणी प्लेट नीट धुतली गेली नव्हती आणि उजव्याच्या पाठीमागे कोणातरी माणसाच्या बरगड्या अंधूक दिसून जात होत्या. ते सोडलं तर सगळं ठीक होतं. मला रडायला आलं. साहेब म्हणाले, "छान आहे. पण यात आरोग्याचा संदेश कोणता?" मी म्हटलं, जनावरांची निगा. त्यांनी मान डोलावली.

पोळ्याच्या दिवशी मामाच्या गावात दाखवायचं ठरलं. आमच्या विभागाची जीप, फिल्म दाखवायचं मशीन आणि ते चालवणारा ऑपरेटर, तिघेही जुलाबाच्या नावाखाली आले. त्या दिवशी गावातल्या जोड्या सजून तोरणाखाली उभ्या राहिल्या होत्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या होत्या. मामाच्या गोठ्यातून त्या वर्षीही जोडी निघाली नव्हती, त्यामुळे तो घरातच बसून होता. दिवेलागणीला चौकात दोन बांबू रोवून पांढरी चादर बांधली. गावोगाव हे असंच चालायचं. मशीनच्या बाजूला गडीमाणसं, चादरीच्या पलीकडच्या बाजूला बायका. कापड पातळ असल्यानं पलीकडूनही चित्र दिसायचं, फक्त आरशात दिसतं तसं उलटं. बायकांची त्याबद्दल कधी तक्रार आली नाही.

मामासाठी गडीमाणसांत पुढं खुर्ची ठेवली होती. पटाचा जुना मानकरी, शिवाय बैल त्याचेच. पण मामी त्याला हाताला धरून घेऊन आली ती सरळ बायकांच्या बाजूला. लोक हसले. मामा म्हणाला, "मी भाचीपाशी बसतो. तिकडं लोक लय विचारतेत." आणि माझ्या शेजारी मातीवर बसला.

आधी थेंब झाला. "पडला!" झालं. मग बैल आले.

पलीकडून गडीमाणसांनी एकच गिल्ला केला. "डाव्या! अरे डाव्या!" ओळखलं त्यांनी. पण आमच्या बाजूनं सगळं उलटं होतं. कानाला चीर असलेला डाव्या उजवीकडे धावत होता आणि उजव्या डावीकडे. बैलाची बाजू जन्माची ठरलेली असते. ती बदलली तर बैल पाऊल टाकत नाही, आणि बदलून जुंपणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. दोन वर्षं मी मामाला खुब्यापर्यंत खूश केलं आणि तो चादरीच्या कोणत्या बाजूला बसणार ते मात्र पाहिलं नाही. आता मामा भर चौकात माझा उद्धार करणार, म्हणून मी मान खाली घालून बसले.

"झकास," मामा म्हणाला.

मी वर पाहिलं.

"झकास काढली माय. पाह्य, पाह्य, डाव्यानं मान काढली. डावीकडं काढली नं? आता सुटन तो."

पडद्यावर डाव्या उजवीकडे मान काढून धावत होता. समोर बसलेल्या एका म्हातारीनं वळून मामाकडे पाहिलं. तिनं काही म्हणायला तोंड उघडलं, मामीकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली. मामीनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. मामाला दिसत नव्हतं. दिवस-रात्र कळत असेल, उजेड कळत असेल, बाकी काही नाही. मामीला ठाऊक होतं, आणि तिनं माझं मनगट धरलं म्हणजे मला ठाऊक नाही हेही तिला ठाऊक होतं.

फिल्म फार मोठी नव्हती. बैल गेले, रिळाचं शेपूट निघून गेलं आणि चादरीवर नुसता पांढरा उजेड राहिला. पलीकडे "पुन्हा लावा, पुन्हा लावा" असा कल्ला चालू होता. मामा त्या उजेडाकडे तोंड करून बसला होता. दोन्ही मुठी कासरा धरल्यासारख्या पुढं होत्या. "हां," तो म्हणत होता, "हां माह्या राजा, आता उजव्याले चेव आला. अजून, अजून..."

मी उठून चादरीच्या कडेनं पलीकडे धावले. ऑपरेटर दिव्याच्या बटणाकडे हात नेत होता.

"बंद करू नका," मी म्हटलं.

"पिक्चर संपला नं बाई."

"संपला. दिवा राहू द्या."

त्यानं चादरीच्या कडेनं वाकून पलीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. पुढं बसलेल्या गड्यांच्या कानावर आता मामाचा आवाज आला. पुन्हा लावा म्हणणारे एकेक गप्प झाले. ही माणसं कशालाही हसणारी होती, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. कोऱ्या चादरीपलीकडून मामाची रेंगी येत होती आणि सगळा चौक ती ऐकत होता. शेवटचा पल्ला आला. मामानं आवाज चढवला, मग एकदम सोडला. "होऽऽ," तो म्हणाला, "होऽऽ, बस, बस. बस झालं." बैल थांबले. मग मी ऑपरेटरला खूण केली आणि दिवा गेला.

मी बायकांच्या बाजूला परत आले तेव्हा मामीनं कंदील आणला होता आणि मामा उभा होता. "एकई पाय चुकला नाई," तो म्हणाला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. रीतच आहे ती, सणावाराला, लग्नकार्यात होतं, त्यात कोणाला विशेष वाटत नाही. मामा वाकला. त्याचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर मातीला टेकला, तिथं चाचपला, जरा पुढं गेला, परत आला. मामीनं कंदील खाली केला नाही. मी एक पाऊल सरकले आणि माझे पाय त्याच्या हाताखाली नेऊन ठेवले.